रकाना सात

नागपूरच्या कंटेनर डेपोत आमचे वीस हजार पाऊच
सतरा दिवसांपासून अडकून आहेत.
लद्धडशेठचा फोन येतो, रेंज जाते,
मी तलावाच्या पाळीवर चढते, पुन्हा येतो:
"निरुपाताई, साहेब विचारतात, वस्तू नेमकी कोणती?
वापरणाऱ्यांचं पत्र द्या.
रकाना सात रिकामा ठेवू नका."

नमुना माझ्यापुढे आहे.
बाहेरून खाकी कागद, किराण्याच्या पुड्यासारखा.
मधे वर्ख.
आत प्लास्टिक, जिभेसारखं गुळगुळीत.
कागद म्हटलं तर प्रकरण अठ्ठेचाळीस,
अ‍ॅल्युमिनियम म्हटलं तर शहात्तर,
प्लास्टिक म्हटलं तर एकोणचाळीस.
शेठनं भरलं एक, साहेबांनी वाचलं दुसरं.
नियम म्हणतो, जो थर वस्तूला तिचं मूळ स्वरूप देतो
त्याच्याच घरी ती नांदेल.

फुलवंताबाई नान्हे झिंगे पाखडत होत्या.
विचारलं, ह्यात मुख्य काय?
सूप न थांबवता म्हणाल्या,
"वास नाही येत ना वो बाहीर, तेच मुख्य."

मग मी लिहायला घेतलं:

महोदय,
साकोलीच्या गाडीत आम्ही शेवटी चढतो.
टोपली पायांमध्ये, वरून ओलं फडकं,
तरी दुसऱ्या थांब्यापर्यंत
पुढच्या बाया खिडकीकडे तोंड करतात.
कंडक्टर म्हणतो, "टपावर टाका नाहीतर उतरा."
टपावर ऊन असतं, कावळे असतात.
मागच्या चैतात शेठनं शंभर पाऊच वापरून पाहायला दिले.
त्या दिवशी फुलवंताबाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या,
मांडीवर पिशवी, पिशवीत चार किलो सुके झिंगे,
आणि शेजारच्या मास्तरीणबाईंनी विचारलं,
"लग्नाला चालल्या का?"
हे कोणत्या थरामुळे झालं, महोदय,
आम्हाला वेगळं काढून दाखवता येत नाही

हे सगळं खोडलं.
शेठ म्हणाले होते, ग्रॅममध्ये लिहा.
सोनाराचा काटा मागून आणला,
तिघीजणी थर सोलायला बसलो,
ब्लेडनं, नखानं, चहाच्या वाफेवर धरून.
कागद फाटला.
वर्ख प्लास्टिकला जो धरून बसला, तो सुटलाच नाही.
"आमच्या दोन जावांपरस बरे हायेत हे,"
फुलवंताबाई म्हणाल्या.

आणखी एक नियम आहे, शेठनं फोनवर वाचून दाखवला:
सगळ्यांचा हक्क सारखाच निघाला, काहीच ठरेना,
तर ज्याचा आकडा क्रमानं शेवटी येतो
वस्तू त्याच्या पदरात.
मला दोनदा ऐकावं लागलं.
सयत्राला एकदाच.
"वाटणीत असंच होते," ती म्हणाली,
"मोठा डोंगा नेते, मधला जाळं,
म्हातारी धाकट्याकडे."

रकान्यात शेवटी तीन शब्द मावले:
सुकी मासळी ठेवण्यासाठी.
खाली गटाचा शिक्का, तोही तिरपा पडला.

चोविसाव्या दिवशी पाऊच सुटले.
कोणत्या प्रकरणात, शेठनं सांगितलं नाही,
बिलात मात्र पाऊचमागे चाळीस पैसे वाढले.
गठ्ठ्यांसोबत प्रयोगशाळेतून परत आलेला एक नमुना होता,
पोटात रुपयाएवढं गोल भोक,
कोपऱ्यावर जांभळा शिक्का, अर्धा.
झिंगे भरण्याच्या कामाचा नव्हता.
फुलवंताबाईंनी तो घरी नेला, कुडाच्या खिळ्याला टांगला.
आत आता जाळं विणायची सुई
आणि दोऱ्याची गुंडी.
भोकातून दोरा ओढला की येतो, गुंतत नाही.

हा वापर मी कुठेच कळवलेला नाही.